खिडकीजवळची फरशी

एकदा एका शाळेला लाकडाचा वास होता. मुख्य इमारतीच्या मागे सुतारकामाची एक लांबट खोली होती आणि तिच्या दारातून सागाचा, आंब्याचा, नुकत्याच चिरलेल्या शिवणीचा वास सबंध आवारात पसरत असे. गणिताच्या तासाला बसलेल्या मुलांच्या नाकातही तो शिरे आणि मुले घड्याळाकडे पाहू लागत. आज त्या शाळेच्या भिंतींवर कौशल्यविकासाचे महत्त्व सांगणारे सहा रंगीत फलक आहेत. वास मात्र नाही.

त्या खोलीत एका गुरुजींनी एकतीस वर्षे शिकवले. त्यांची रीत साधी होती. आठवीतल्या प्रत्येक मुलाने वर्षभरात एक स्टूल करायचे. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, वर एक फळी. लाकूड शाळेचे, हात मुलाचे. करवत कशी धरावी, रंधा कोणत्या दिशेने चालवावा, हे गुरुजी दाखवीत. पटाशीच्या धारेपुढे दुसरा हात आणू नये, हे तर रोज सांगत. पण मुलाच्या हातातले लाकूड त्यांनी कधी आपल्या हातात घेतले नाही. स्टूल पुरे झाले की मुलाने ते खिडकीजवळ न्यायचे, कारण उजेड तिथे चांगला, आणि त्यावर बसून पाहायचे.

बसले की ते डुगडुगायचे. सगळ्यांचेच.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या वर्गात कुंदा नावाची मुलगी आली. मुलींनी शिवणकाम घ्यावे अशी तेव्हा पद्धत होती. ती मुख्याध्यापकांसमोर उभी राहून म्हणाली, "मला लाकूड पाहिजे." मुख्याध्यापक हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तिच्या हाती करवत दिली.

कुंदाचेही स्टूल डुगडुगले. तिने एक पाय थोडा कापला. स्टूल फिरवले, पुन्हा डुगडुगले. तिने दुसरा पाय कापला. फेब्रुवारीत गुडघ्यापर्यंत येणारे स्टूल मार्चमध्ये चौरंगाएवढे झाले. "कुंदे, सत्यनारायण कधी घालतेस?" मुले विचारू लागली. होळीच्या सुमारास चौरंगाचाही पाट झाला. गुरुजी शेजारी उभे राहून हे सारे पाहत होते, पण एका शब्दाने बोलले नाहीत. कुंदा रडली. तिने मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. शेवटी एका दुपारी ती फरशीवर पालथी झाली आणि गाल जमिनीला टेकवून पायांखालून पाहू लागली. खिडकीजवळच्या एका फरशीचा कोपरा अर्धे बोट खाली गेलेला होता.

"गुरुजी, फरशीच खचलीय!" ती ओरडली.

गुरुजी म्हणाले, "हं."

एवढेच. ना शाब्बास, ना पाठीवर हात. कुंदाने तो पाट तिथेच टाकला आणि ती घरी गेली. पुढच्या वर्षी तिने नवे स्टूल केले, त्याच्या पुढच्या वर्षी टेबल. शिक्षणक्रम पुरा करून ती शिक्षिका झाली, आणि गुरुजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याच खोलीत रुजू झाली. परंतु त्या दुपारचा एक शब्द कुठेतरी अडकून राहिला आहे, असे तिला नेहमी वाटत राही. चाळिशी आली तरी ती त्या शब्दाची वाट पाहत होती.

आणि मग वरून पत्र आले.

अशी पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्यांची भाषा ठाऊक आहे. सुतारकाम वर्गाची 'सद्यःकालीन उपयुक्तता' तपासण्यासाठी एक साहेब येतील, विद्यार्थ्यांनी केलेल्या वस्तू पाहतील आणि निर्णय घेतील. ज्या खुर्चीवर बसून ते पत्र लिहिले गेले ती कोणीतरी सुताराने केली होती, ही गोष्ट लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली नसावी.

मुख्याध्यापकांनी कुंदाबाईंना बोलावले. "बाई, साहेब स्टुलावर बसले आणि स्टूल हललं, तर वर्ग गेला म्हणून समजा. मी काही करू शकणार नाही."

बारा दिवस उरले होते. बावीस मुलांची बावीस स्टुले होती आणि सगळी डुगडुगत होती. मुले पाय कापत होती, स्टुले बुटकी होत होती. फरशीचा दोष बाईंना ठाऊक होता, पण गुरुजींची न सांगण्याची रीत म्हणून त्यांनी आजवर तो मुलांना सांगितला नव्हता. बाईंना रोज तीच खोली रिकामी दिसू लागली. भिंतीवरच्या खिळ्यांना करवती नाहीत, कोपऱ्यात भुसा नाही. त्या घाबरल्या. प्रामाणिक माणूस घाबरला की प्रामाणिकपणे चूक करतो, आणि तशीच बाईंनी केली. शनिवारी त्यांनी गवंडी बोलावून खिडकीजवळची ती फरशी उचलली, खाली वाळू भरून पाणसळीने सपाट करून घेतली. गुरुजींनी इतकी वर्षे अर्ज केले असतील, कोणी दाद दिली नसेल, आपण निदान हे तरी त्यांच्यासाठी केले, असे त्यांना वाटले. रविवारी त्या एकट्याच खोलीत आल्या. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत त्यांनी बावीसही स्टुलांचे पाय एका मापात आणले, कानस फिरवली, कडा गुळगुळीत केल्या. मुलांचे काम होतेच, आपण फक्त शेवटचा हात फिरवला, असे स्वतःला सांगितले.

मंगळवारी साहेब येणार होते. सोमवारी दुपारी बाई गुरुजींना घेऊन आल्या.

गुरुजी आता अठ्ठ्याहत्तरीचे होते. काखेत कापडी पिशवी होती. दाराशी ते थांबले, डोळे मिटले आणि त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. कोणी म्हातारीने आपल्या माहेरच्या दाराशी थांबावे, तसे ते थांबले.

मग त्यांनी एकेका स्टुलावर बसायला सुरुवात केली. बावीसही स्टुलांवर बसले. एकही हलले नाही.

सोपान हा वर्गातला तोंडाळ मुलगा. तो म्हणाला, "गुरुजी, आमची बॅच भारी आहे. एकपण हलत नाही!"

"कुणी केली?"

"आम्हीच!"

"शेवटचा हात कुणाचा?"

मुलांनी बाईंकडे पाहिले. सोपानने छताकडे पाहिले.

गुरुजी उठले आणि खिडकीजवळ गेले. चप्पल काढून त्यांनी तळपायाने फरशी चाचपली. पुन्हा चाचपली. "ही कुणी नीट केली?"

"मी केली, गुरुजी," बाई उजळून म्हणाल्या. "शनिवारीच. तुम्ही एवढी वर्षं तशीच चालवून घेतलीत."

गुरुजी दारातल्या शिपायाला म्हणाले, "मामा, बागेतली पहार आणा."

पहार आली. गुरुजींनी तिचे टोक सांध्यात घातले आणि जोर दिला. ताजे सिमेंट भुगा होऊन निघाले. "कुंदा, इकडून धर जरा," ते म्हणाले, आणि आठवीतल्या मुलीच्या सवयीने बाईंनी फरशीची कड उचलून धरली. गुरुजींनी आत हात घातला. एक मूठ वाळू काढली, दुसरी मूठ काढली आणि दोन्ही खिडकीबाहेर टाकल्या. "सोड." फरशी खाली बसली. एक कोपरा अर्धे बोट खचला.

"गुरुजी, हे काय केलंत!" बाईंचा आवाज फाटला. "उद्या साहेब येणारेत!"

"येऊ देत."

"वर्ग बंद करतील हो! हे सगळं जाईल. तुमची खोली जाईल!"

"ऐकलं मी. हे स्टूल कुणाचं?"

पहिल्या रांगेतून मेहरुन उठली. कमी बोलणारी मुलगी, कानाला पेन्सिल लावलेली.

"खिडकीजवळ ठेव. बस." ती बसली. स्टूल डुगडुगले. "नीट कर," गुरुजी म्हणाले.

मेहरुनने सरळ करवत घेतली.

"मेहरुन, थांब!" बाई पुढे झाल्या. गुरुजींनी हात आडवा धरला. "तू थांब, कुंदा."

मेहरुनने पायाचा एक तुकडा कापला. स्टूल फिरवून बसली, डुगडुगले. दुसरा पाय कापला. पुन्हा तेच. वर्गात खसखस पिकली. "मेहरुन, चौरंग कर, चौरंग!" सोपान म्हणाला. "गणपतीला उपयोगी पडेल." तिसरा तुकडा पडला. बाईंनी तोंड फिरवले. बारा दिवसांची धडपड त्यांच्या डोळ्यांदेखत फरशीवर तुकड्यातुकड्यांनी पडत होती आणि ती पाडणारा माणूस त्यांना जगात सर्वांत वंदनीय होता.

चौथ्यांदा करवत टेकवताना मेहरुन थांबली. खाली पडलेले तीन तुकडे तिने उचलले आणि तळहातावर शेजारी शेजारी लावले. "इतकं कसं चुकेल?" ती स्वतःशीच म्हणाली. "मी काटकोनाचा गुण्या लावून पाहिलं होतं." ती पुन्हा वाकली तेव्हा कानावरची पेन्सिल पडली, फरशीवरून घरंगळत गेली आणि कोपऱ्यात जाऊन थांबली. मेहरुनने ती उचलून दाराजवळ ठेवली. पेन्सिल हलली नाही. टेबलाखाली ठेवली. हलली नाही. खिडकीजवळ ठेवली. घरंगळली, त्याच कोपऱ्यात.

मेहरुन ताठ उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"बाई, माझं स्टूल बरोबर होतं!"

कोणी हसले नाही. ती गुरुजींकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच वाळू काढलीत. आम्ही सगळ्यांनी बघितलं, तरी मी कापत बसले. तुम्ही सांगितलं का नाही?"

गुरुजी म्हणाले, "हं."

तो उच्चार ऐकताच कुंदाबाई मटकन शेजारच्या स्टुलावर बसल्या.

मुले पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा गुरुजी त्यांच्या समोर बसले. "पहिल्या वर्षी ही फरशी सपाटच होती," ते म्हणाले. "पोरांची स्टुलं त्यांच्याच चुकीनं डुगडुगायची. मी बोट ठेवायचो, हा पाय काप, तो काप. वर्षाअखेरीला सगळी स्टुलं सरळ. मी खूश! शाळा सोडताना एक मुलगा पाया पडला आणि म्हणाला, गुरुजी, आता डुगडुगलं तर कुणाला विचारू? त्या दिवशी मला कळलं की मी वर्षभर स्टुलं शिकवत होतो, पोरं तशीच राहिली. मग सुट्टीत येऊन मीच दोन मुठी वाळू काढली. तीन मुख्याध्यापक फरशी बसवून देतो म्हणाले. तिघांना नको म्हटलं."

"पण पोरं किती रडतात, गुरुजी. मी रडले होते."

"पाहत होतो मी. तुला काय वाटतं, मला सोपं होतं? आपलं चुकलं असेल तर ते आपणच शोधायचं, हे पोराला एक वेळ शिकवता येतं. आपलं चुकलेलं नाही, हे शोधणं फार अवघड. वरून सांगतात, तू वाकडा आहेस, आणि माणूस मुकाट्यानं आपला पाय कापून घेतो. पुन्हा सांगतात, पुन्हा कापतो. असा बुटका होत जातो जन्मभर. खाली वाकून जमीन तपासावी, हे त्याच्या मनातच येत नाही. ज्यानं आपल्या हातानं एकदा लाकूड कापून हे पाहिलं, तो विसरत नाही. तोंडानं सांगितलं तर परीक्षेपुरतं राहतं."

मग बाईंनी सव्वीस वर्षे जपलेला प्रश्न विचारला. "मला नुसतं 'हं' का म्हणालात? एक शब्द बोलला असतात तर काय झालं असतं?"

"मी शाब्बास म्हटलं असतं, तर तू शोधलेलं माझं झालं असतं. पुढच्या वेळी तू जमिनीकडे पाहिलं नसतंस. माझ्या तोंडाकडे पाहिलं असतंस." गुरुजींनी कापडी पिशवी उघडली. "पण तू टाकून गेलीस ते मी उचललं."

आतून एक पाट निघाला. चार बोटे उंचीचा, चार ओबडधोबड पायांचा, वापरून वापरून काळा आणि गुळगुळीत झालेला. कुंदाने तो बोटांनीच ओळखला.

"रोज यावर बसून जेवतो," गुरुजी म्हणाले. "अजून डुगडुगतो लेकाचा."

मंगळवारी साहेब आले. फरशी खचलेलीच होती. बाईंनी तिला हात लावला नव्हता आणि मेहरुनचे बुटके स्टूलही लपवले नव्हते. फोटोसाठी उजेड चांगला म्हणून साहेबांना खिडकीजवळ बसवण्यात आले. स्टूल डुगडुगले. साहेबांनी दोन्ही हातांनी फळी धरली.

मेहरुन पुढे झाली. "साहेब, स्टूल नाही, फरशी खचलीय. थोडं इकडे सरका ना."

साहेब सरकले नाहीत. त्यांनी विचारले, "वर्षभरात काय शिकलात तुम्ही?"

"फरशी बघायला," ती म्हणाली.

साहेबांना हसू आले. बरोबरच्यांनाही मग यावेच लागले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'वस्तू अस्थिर.' आणि बॅगेतून आदेश काढून मुख्याध्यापकांना दिला. तो टाइप केलेला होता, सही झालेली होती, आणि त्यावरची तारीख चार दिवसांपूर्वीची होती.

मुख्याध्यापकांनी ती तारीख दोनदा वाचली. कुंदाबाईंनी एकदाच वाचली. बावीस स्टुले सरळ असती, सोन्याची असती, तरी त्या कागदावर एक अक्षर बदलले नसते. या एका कागदापायी आपण मुलांच्या हातातले त्यांचे काम काढून घ्यायला निघालो होतो, हे त्यांना कळले, आणि राग यायच्या आधी त्यांना लाज वाटली.

खोली रिकामी करायला अकरा दिवस मिळाले. त्या अकरा दिवसांत बाईंनी प्रत्येक मुलाला त्याच्या स्टुलासाठी नवे पाय दिले आणि त्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मुलांना खचलेली फरशी आता ठाऊक होती. पण ठाऊक असूनही स्टूल हलत होते, कारण आता चूक खरेच त्यांची होती. कोणी पाय मोजले, कोणी फरशी मोजली, कोणी दोन्ही. सोपानने इतक्या वेळा कापले की त्याचा चौरंग झाला. "गणपतीला घेऊन जा," मेहरुन त्याला म्हणाली. अकराव्या दिवशी सोपानने बाईंना विचारले, "बाई, पुढच्या वर्षी ही खोली उघडी असेल का हो?" आणि उत्तर न ऐकताच तो आपला चौरंग डोक्यावर घेऊन निघून गेला.

मग कामगार आले. जुन्या फरशा उखडून त्यांनी चकाकणाऱ्या टाइल बसवल्या. समोर मोठा पडदा लावला, ओळीने खुर्च्या ठेवल्या. आता तिला स्मार्ट वर्ग म्हणतात. खोलीलाच हुशार म्हणून टाकले की मुलांचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्या पडद्यावर अधूनमधून सुतारकामाची चित्रफीत दाखवतात. मुले हाताची घडी घालून पाहतात. चित्रफितीतला रंधा फळीवरून सरकतो, कुरळी सालपटे निघतात, आणि मागच्या खुर्चीवरचा एखादा मुलगा नकळत नाक वर करून वास घेतो. वास येत नाही. मग तो खिडकीबाहेर पाहतो.

उखडलेल्या फरशांच्या ढिगातून कुंदाबाईंनी एकच फरशी, ती खिडकीजवळची, मागून घेतली. रविवारी सकाळी हातगाडीवर घालून ती गुरुजींच्या अंगणात नेली. मागून मेहरुन, सोपान आणि आणखी सात-आठ मुले आपापली करवत घेऊन आली. गवंडी तोच होता. त्याने मनापासून काम केले, खाली वाळू पसरली, पाणसळ लावली, दोनदा तपासली आणि म्हणाला, "घ्या बाई. पाण्यासारखी सपाट झाली. आता काही वर्षं हलायची नाही."

"एक मिनिट," बाई म्हणाल्या.

त्या गुडघ्यांवर बसल्या. फरशीची कड उचलून त्यांनी आत हात घातला, एक मूठ वाळू काढली, मग दुसरी, आणि दोन्ही जास्वंदीच्या मुळाशी टाकल्या. गवंडी आ वासून पाहत राहिला. फरशी खाली बसली. एक कोपरा खचला.

बाईंनी मान वळवून मागे पाहिले नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तसे करावेसे वाटले नाही.

मागे, आपल्या डुगडुगत्या पाटावर बसलेले गुरुजी म्हणाले, "हं."

मूल डुगडुगताना दिसले की करवत हाती घेणारे आपल्याकडे उदंड आहेत. त्याच्या पायाखालच्या फरशीला एकदा गाल टेकवून पाहणारे हवे आहेत.